हजेरी न घेतलेलं बेट

१७ सप्टेंबर १९५४ रोजी लंडनच्या फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेने एका शाळामास्तरांची पहिली कादंबरी बाजारात आणली. मास्तरांचा त्रेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. घरी बायको, दोन मुलं आणि बेताचा पगार. कादंबरीचं नाव ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’, म्हणजे माशांचा स्वामी. मास्तरांचं नाव विल्यम गोल्डिंग. पुढे १९८३ साली याच मास्तरांना साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं.

मित्रमैत्रिणींनो, इंग्रजी विषय घेतलेल्यांना ही कादंबरी नवी नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युद्धाच्या काळात मुलांना सुरक्षित ठिकाणी नेणारं विमान कोसळतं आणि काही ब्रिटिश शाळकरी मुलं एका निर्जन बेटावर उरतात. मोठं माणूस एकही नाही. सगळ्यांत मोठी मुलं बारा-तेरा वर्षांची, धाकटी सहाच्या आसपासची. राल्फ नावाचा मुलगा पुढारी निवडला जातो. जॅक शिकाऱ्यांचा म्होरक्या होतो. जाडा, दम्याचा आणि चष्मेवाला पिगी राल्फला शहाणपणाच्या गोष्टी सांगत राहतो. आधी सभा होतात, नियम ठरतात, कामं वाटली जातात. मग शिकार येते, रंगवलेले चेहरे येतात, आणि शेवटी खून.

परीक्षेच्या गाईडमध्ये या कादंबरीचा एक तक्ता हमखास असतो. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, आग म्हणजे आशा, डुकराचं मुंडकं म्हणजे माणसातलं पाप. तक्ता चुकीचा नाही, आणि मार्कही मिळतात. पण ही प्रतीकं गोल्डिंग यांच्या हाती आली कुठून, हे तक्ता सांगत नाही. ते पाहायचं तर त्यांच्या आयुष्याकडे वळावं लागतं, आणि ते एकदा पाहिलं की कादंबरीही वेगळी दिसायला लागते. निदान मला तरी ती वेगळी दिसली. म्हणून हा लेख.

गोल्डिंग यांचा जन्म १९ सप्टेंबर १९११ चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये, न्यूकीजवळ आजीच्या घरी. बालपण मात्र विल्टशर परगण्यातल्या मार्लबरो गावात गेलं. वडील ॲलेक गोल्डिंग हे तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये विज्ञानाचे शिक्षक. त्यांचा विश्वास तर्कावर. धर्म त्यांनी सोडला होता. माणूस शिकेल तसा सुधारेल, विज्ञान जगातला अंधार हळूहळू घालवेल, अशी त्यांची पक्की समजूत. आई मिल्ड्रेड कॉर्नवॉलची. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून ती जाहीरपणे उभी राहणारी होती, आणि त्याच वेळी घरात भुताखेतांच्या गोष्टीही सांगणारी होती.

घर जुनं, कित्येक शतकांपूर्वीचं. भिंतीपलीकडे चर्चची दफनभूमी. घराखाली तळघरं. लहानग्या विल्यमला त्या तळघरांची आणि त्या थडग्यांची विलक्षण भीती वाटायची. दिवसा वडील समजावत की मेलेलं माणूस काही करत नाही, अंधार म्हणजे फक्त उजेड नसणं. पोराला ते पटायचं. रात्र झाली की पटलेलं सगळं कुठल्या कुठे जायचं. वडिलांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण भीती काही त्यांच्या म्हणण्यानुसार वागत नव्हती.

बेटावरच्या मुलांना ज्या ‘पशू’ची भीती वाटते, तो मला या तळघरातून आलेला वाटतो. बेटावर पशू नाहीच. डोंगरमाथ्यावर असतं ते हवाई युद्धात मरून खाली पडलेल्या एका सैनिकाचं प्रेत. पॅराशूटच्या दोऱ्या वाऱ्याने ताणल्या की ते उठून बसल्यासारखं होतं. पिगी वडिलांसारखा तर्क लढवतो की पशू असूच शकत नाही, कारण तो असता तर खाईल काय? तर्क बिनचूक. तरीही रात्री मुलं थरथरतातच. सायमन नावाचा एक अबोल मुलगा सुचवून पाहतो की तो पशू कदाचित आपणच असू. त्याच्यावर सगळे हसतात.

गोल्डिंग यांच्या बालपणातली दुसरी गोष्ट भीतीची नव्हती, अपमानाची होती. त्यांच्या गावात दोन शाळा. एक वडिलांचं ग्रामर स्कूल, मध्यमवर्गीय मुलांचं. दुसरं मार्लबरो कॉलेज, धनिकांच्या मुलांसाठीचं निवासी विद्यालय, सगळ्या इंग्लंडमध्ये नाव असलेलं. वडील त्या गावातले विद्वान मास्तर, पण त्या दुसऱ्या फाटकाच्या आतल्या मुलांच्या लेखी हे घराणं खालचंच. १९३० साली विल्यम ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेले. दोन वर्षं विज्ञान शिकून मग इंग्रजी साहित्याकडे वळले. तिथेही तीच फुटपट्टी. पदवीनंतर नोकरीसाठी मुलाखती घेणाऱ्या विद्यापीठाच्या मंडळाने त्यांच्या नावापुढे नोंद करून ठेवली होती की हा उमेदवार वरच्या फळीतला नाही, पुरता सभ्य गृहस्थ म्हणावा असा नाही. हुशारीबद्दल ही नोंद नव्हती. ती होती त्याच्या वर्गाबद्दल. इंग्लंडमधल्या या वर्गभेदाचा गोल्डिंग यांना आयुष्यभर तिटकारा राहिला.

हे कळलं आणि मला पिगी नव्याने दिसला. पिगी बेटावरचा सगळ्यांत विचारी मुलगा. शंख कसा फुंकायचा हे त्याला माहीत असतं, चष्मा त्याचा, सभा घेण्याची कल्पना त्याची. पण त्याचं बोलणं अशुद्ध, तो वाढला मावशीकडे, आणि त्या मावशीचं मिठाईचं दुकान. राल्फचे वडील आरमारात अधिकारी. जॅक क्वायरचा प्रमुख, वरच्या स्वरात गाऊ शकतो म्हणून आपणच पुढारी व्हावं असं त्याला साहजिक वाटतं. या मुलांनी पिगीला एका नजरेत ओळखलेलं असतं, जसं त्या मंडळाने गोल्डिंग यांना ओळखलं होतं.

आता कादंबरीच्या अगदी सुरुवातीचा एक प्रसंग बघा. पिगी राल्फला विश्वासाने सांगतो की शाळेत मला एका नावाने चिडवायचे, ते नाव तेवढं इथे नको. राल्फ हसत सुटतो. पुढे सभा जमते आणि सगळ्यांसमोर राल्फच ते नाव फोडतो. सगळी पोरं खदाखदा हसतात. त्या हसण्याने परकी पोरं एका क्षणात एक होतात, आणि पिगी तेवढा बाहेर राहतो. त्याचं खरं नाव कुणी विचारत नाही. आपल्यालाही ते शेवटपर्यंत कळत नाही. समाज मोडायला सुरुवात रक्ताने होते, जॅकने होते, असं आपण समजतो. पण पहिली चीर इथे पडते, आणि ती पाडतो आपला आवडता, समजूतदार राल्फ. त्याच्या मनात वाईट काही नसतं. गंमत म्हणून.

आता पुन्हा आयुष्याकडे येऊ. १९३४ साली गोल्डिंग यांचा एक छोटा कवितासंग्रह निघाला, त्याचं पुढे काही झालं नाही. नाटकमंडळीत काम करून पाहिलं. १९३९ साली ॲन ब्रुकफील्ड यांच्याशी लग्न झालं. ॲन रसायनशास्त्र शिकलेल्या, मतांनी ठाम. त्याच सुमारास गोल्डिंग शिक्षकी पेशात आले आणि पुढे सॉल्झबरीच्या बिशप वर्ड्‌सवर्थ्‌स स्कूलमध्ये लागले. आणि मग युद्ध.

१९४० साली ते आरमारात भरती झाले. ६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा ते रॉकेट सोडणाऱ्या एका जहाजावर होते. या जहाजांवरून शेकडो रॉकेटं काही सेकंदांत किनाऱ्यावर जात. त्याच वर्षी नोव्हेंबरात हॉलंडच्या वाल्खरेन बेटावरच्या हल्ल्यात त्यांच्या सोबतच्या कितीतरी नौका डोळ्यांसमोर बुडाल्या. रॉकेट सोडणाऱ्याला समोर कोण मेलं ते दिसत नाही. पण गोल्डिंग यांच्यापुरता हिशेब तिथे संपला नाही. युद्धात काय घडलं ते जसजसं उघड होत गेलं, छळछावण्या, गॅसच्या कोठड्या, तसतशी वडिलांची ती जुनी समजूत त्यांच्या हातून निसटत गेली. कारण हे करणारे लोक कुठल्या रानातले नव्हते. शिकलेले होते, संगीत ऐकणारे होते, घरी मुलांना मांडीवर घेणारे होते. संधी मिळाली तर हे आपल्याही हातून होऊ शकतं, हा गोल्डिंग यांनी काढलेला निष्कर्ष.

तो निष्कर्ष त्यांनी दुसऱ्यांकडे बोट दाखवून काढलेला नव्हता, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. बायकोसाठी त्यांनी काही आठवणी लिहून ठेवल्या होत्या, त्या छापल्या नव्हत्या. अठरा वर्षांचे असताना आपण एका मुलीवर जबरदस्ती करण्याचा प्रयत्न केला, अशी कबुली त्यांत आहे. जॉन केरी यांनी २००९ साली लिहिलेल्या चरित्रातून ती जगापुढे आली. पुढे त्यांना दारूनेही बराच काळ ग्रासलं होतं. थोर लेखकाचं चरित्र लिहिताना अशा गोष्टी झाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते योग्य वाटत नाही. त्या मुलीला जे सोसावं लागलं ते नोबेलने पुसलं जात नाही. आणि ही कबुली वगळली तर ‘पशू’ ही नुसती साहित्यातली कल्पना होऊन बसते. गोल्डिंग यांनी तो आरशात पाहिलेला होता.

युद्ध संपलं. गोल्डिंग पुन्हा सॉल्झबरीला शिकवायला लागले. शाळा सॉल्झबरी कॅथीड्रलच्या आवारातच आहे. मान वर केली की दिसतो तो १२३ मीटर उंचीचा मनोरा, ब्रिटनमधला सगळ्यांत उंच चर्चमनोरा. आणि या सगळ्या दगडाच्या डोंगराखाली पाया आहे अवघा चार फूट खोल, पाणथळ जमिनीत. रोज शाळेत जाता-येता हे डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला व्यवस्था किती उंच आणि किती उथळ पायावर उभी असते, हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. पुढे १९६४ साली त्यांनी ‘द स्पायर’ ही कादंबरी याच कल्पनेवर लिहिली. त्यातला धर्मगुरू पाया पुरेसा नाही हे कानावर पडूनही मनोरा चढवतच राहतो, आणि खांब वाकायला लागतात.

शाळेत पोरांनी त्यांना ‘स्क्रफ’ असं नाव पाडलं होतं. दाढी, अव्यवस्थित कपडे, त्यावरून. म्हणजे मास्तरही टोपणनावातून सुटले नाहीत. शिकवण्याची त्यांना फारशी गोडी नव्हती असं दिसतं. वर्गात पोरांना काम देऊन ते शाळेच्याच वह्यांमध्ये कादंबरी लिहीत बसत आणि कधी पोरांकडून पानावरचे शब्द मोजून घेत. पण पोरांकडे त्यांचं लक्ष बारीक होतं. एकदा सॉल्झबरीजवळच्या फिग्झबरी रिंग या प्राचीन मातीच्या तटबंदीवर त्यांनी मुलांची सहल नेली. मुलांचे दोन गट केले. एकाने तट राखायचा, दुसऱ्याने चढाई करायची. मग मास्तर बाजूला झाले आणि मुलांना हळूहळू मोकळीक देत गेले. खेळ कुठल्या थराला जातो हे पाहून ते स्वतःच हादरले.

एके संध्याकाळी मुलांना बेटावरच्या साहसांची गोष्ट वाचून दाखवून झाल्यावर त्यांनी ॲनला विचारलं की खरी मुलं बेटावर जशी वागतील तशी गोष्ट लिहिली तर कसं? ॲनने लगेच होकार दिला. तेव्हा इंग्लंडमध्ये बॅलंटाइन यांची ‘द कोरल आयलंड’ ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट घरोघरी वाचली जायची. तीत राल्फ, जॅक आणि पीटरकिन अशी तीन इंग्रज मुलं बेटावर आनंदाने राहतात. वाईट सगळं बाहेरून येतं, रानटी लोकांकडून आणि चाच्यांकडून. गोल्डिंग यांनी राल्फ आणि जॅक ही नावं तिथूनच उचलली. बेट तसंच ठेवलं, मात्र बाहेरचे रानटी लोक काढून टाकले.

हस्तलिखित एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे हिंडलं आणि परत येत राहिलं. फेबरमध्येही पहिल्या वाचनात ते टाकाऊ ठरलं होतं. नाकारलेल्या ढिगातून ते उचललं चार्ल्स मॉन्टीथ या नव्याने रुजू झालेल्या तरुण संपादकाने. सुरुवातीचं अणुयुद्धाचं लांबलचक वर्णन त्याने काढायला लावलं, सायमनचं संतपण कमी करायला लावलं. मूळ नाव होतं ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’, म्हणजे आतलेच परके. तेही बदललं. नवं नाव फेबरच्याच एका सहकाऱ्याने सुचवलं.

हे नवं नाव आपल्या कॉलेजातल्या वाचकांना अनोळखी वाटू नये. २ राजे या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात एक्रोनच्या दैवताचं नाव येतं, बालजबूब. हिब्रूत त्याचा अर्थ माशांचा स्वामी. शुभवर्तमानांत तेच नाव बालजबूल होऊन भुतांच्या अधिपतीला लागतं. कादंबरीत जॅकची टोळी डुकरिणीचं मुंडकं पशूला नैवेद्य म्हणून काठीवर खोचून ठेवते आणि त्यावर माशा घोंघावू लागतात. काळे झगे घालून, त्यांवर क्रूस मिरवत, रांगेत चालत बेटावर आलेली क्वायरची मुलंच हे करतात, हे विसरू नका. झगे उतरले, गाणं थांबलं, आणि मग त्यांनी आपलं आपण नवं दैवत उभं केलं.

आता शंखाकडे येऊ. आपल्याकडे शंख मंगल, आणि कुणाच्या नावाने शंख करणं म्हणजे बोंब मारणं. बेटावरचा शंख दोन्ही आहे. तो फुंकला की सभा भरते, आणि तो ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम सुरेख. पण शंखात स्वतःची ताकद कसलीच नाही. तो एक शिंपला. ताकद आहे ती ऐकणाऱ्यांच्या गप्प बसण्यात. म्हणून पिगी शंख हातात घेऊन उभा राहतो तेव्हा काय होतं ते पाहायचं. पोरं कुजबुजतात, हसतात, मध्येच बोलतात. जॅक तर उघड सांगून टाकतो की डोंगरावर शंखाचा नियम चालत नाही. शंख अजून अखंड असतो, नियमही रद्द झालेला नसतो. फक्त एकाच्या बाबतीत तो पाळायचा नाही, एवढं ठरून गेलेलं असतं. आपल्याही सभेत माईक सगळ्यांच्या हातात जातो. पण कोण बोलायला लागलं की मोबाइल बाहेर निघतात, हे ज्याने-त्याने आठवून पाहावं.

दुसरं प्रतीक चष्मा. इथे विज्ञानाचे विद्यार्थी एक हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याचं भिंग अंतर्गोल असणार. अंतर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकत्र येत नाहीत, पसरतात. त्याने आग पेटणार कशी? विज्ञानशिक्षकाच्या मुलाने आणि दोन वर्षं विज्ञान शिकलेल्या माणसाने ही चूक करावी हे गमतीचं आहे. पण कथेतला अर्थ त्याने ढळत नाही. सगळ्या बेटाची आग एका दुबळ्या मुलाच्या डोळ्यांवर चालते. आधी त्याचा चष्मा त्याला न विचारता ओढून घेतात, मग जॅकच्या तडाख्याने एक काच फुटते, मग अख्खा चष्माच चोरीला जातो. आग सगळ्यांना हवी, आंधळा मात्र तो एकटाच होतो.

तिसरी गोष्ट तक्त्यात सहसा नसते, पण मला ती सगळ्यांत भेदक वाटते. रॉजर नावाचा मुलगा किनाऱ्यावर खेळणाऱ्या एका लहानग्याच्या दिशेने दगड मारत असतो, पण मुद्दाम नेम चुकवून. त्या पोराभोवती जणू एक अदृश्य रिंगण आहे आणि रॉजरला ते ओलांडता येत नाही. आईवडील, शाळा, पोलीस, कायदा यांच्यापैकी कुणीच तिथे नाही, तरी त्यांचा हात अजून त्याच्या दंडावर आहे. समाज म्हणजे हे रिंगण. ते कुणी बांधलेलं दिसत नाही म्हणून कधी मोडलं तेही दिसत नाही. काही आठवड्यांनी तोच रॉजर कड्यावरून धोंडा लोटतो. पिगी मरतो आणि त्याच्या हातातल्या शंखाचे तुकडे होतात. शंख फुटला म्हणून व्यवस्था गेली असं आपण उत्तरपत्रिकेत लिहितो. पण शंख धरलेल्याचं ऐकणं त्याच्या कितीतरी आधी थांबलेलं होतं.

पुस्तक सुरुवातीला अमेरिकेत फारसं खपलं नाही. नंतर स्वस्त आवृत्ती निघाली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कॉलेजांतल्या मुलांनी ते डोक्यावर घेतलं. १९६३ साली पीटर ब्रूक यांनी त्यावर चित्रपट केला. गोल्डिंग यांनी शाळा सोडली. ‘द इन्हेरिटर्स’, ‘पिंचर मार्टिन’, ‘फ्री फॉल’ या कादंबऱ्या तोवर आल्याच होत्या. १९८० साली ‘राइट्स ऑफ पॅसेज’ला बुकर मिळालं. तीही एका जहाजावरच्या अपमानाचीच गोष्ट आहे. नोबेलच्या वेळी स्वीडिश अकादमीच्या एका सदस्याने जाहीर नापसंती दाखवली, असं सहसा घडत नाही. १९८८ साली त्यांना सर हा किताब मिळाला. ज्याला एकेकाळी वरच्या फळीतला नाही म्हणून बाजूला ठेवलं होतं, तो आता सर विल्यम झाला. १९ जून १९९३ रोजी कॉर्नवॉलमधल्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. दफन विल्टशरमधल्या बोअरचॉक या गावी झालं.

गोल्डिंग यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. माणूस इतका वाईट नसतो, असं लोक म्हणतात आणि टोंगाचं उदाहरण देतात. १९६५ साली प्रशांत महासागरातल्या टोंगा देशातली, एका ख्रिस्ती निवासी शाळेतली सहा मुलं बोट घेऊन पळाली आणि भरकटत आटा नावाच्या निर्जन बेटावर पोचली. तिथे ती सुमारे पंधरा महिने राहिली. १९६६ साली त्यांची सुटका झाली तेव्हा सहाही जिवंत आणि धडधाकट होती. त्यांनी आग विझू दिली नव्हती. कामाच्या पाळ्या लावल्या होत्या. भांडण झालं की भांडणाऱ्यांनी लांब जाऊन डोकं थंड करून यायचं, असं ठरवलं होतं. प्रार्थना नेमाने होत होती. एकाचा पाय मोडला, तर इतरांनी तो बसवला आणि त्याची कामं आपल्यावर घेतली.

मग गोल्डिंग खोटे ठरले का? मला तसं वाटत नाही. टोंगाच्या मुलांनी ज्या ज्या गोष्टी केल्या, त्या सगळ्या राल्फच्या बेटावरही ठरल्या होत्या. आग ठेवायची, पाळ्या लावायच्या, झोपड्या बांधायच्या. फरक पडला तो मोडक्या पायाच्या मुलाशी. सहा जणांत अडचणीचा ठरू शकणारा तो एक होता, आणि त्याला कुणी अडचण ठरवलं नाही. म्हणजे व्यवस्था टिकते की मोडते ते तिथे ठरतं जिथे सगळ्यांत कमजोर माणूस उभा आहे. टोंगाची मुलं ती टिकवता येते हे दाखवतात. गोल्डिंग दाखवतात की ती आपोआप टिकत नाही.

कादंबरीच्या शेवटी बेट पेटलेलं असतं आणि राल्फ जीव घेऊन धावत असतो. किनाऱ्यावर आरमाराचा एक अधिकारी उभा. गोल्डिंग ज्या आरमारात होते तेच आरमार, आणि पाठीमागे उभी युद्धनौका. तो मुलांना वाचवतो. त्याला कोण वाचवणार, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो. तो सहज विचारतो की तुम्ही एकूण किती आहात? राल्फला सांगता येत नाही. आधी आपलं नाव आणि पत्ता म्हणून दाखवणारा पर्सिव्हल नावाचा लहानगा पुढे येतो आणि तोंड उघडतो. त्याला आता स्वतःचं नावही आठवत नाही.

मला इथे कादंबरीकारापेक्षा मास्तर दिसतात. वर्गात आल्यावर मास्तरांचं पहिलं काम हजेरीचं. एकेक नाव घ्यायचं आणि त्या नावाच्या पोराने ओ द्यायची. बेटावर पहिल्या सभेच्या दिवशी हे काम एकाच मुलाने हाती घेतलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पोराजवळ जाऊन तो नाव विचारत होता, ते लक्षात ठेवायची धडपड करत होता. बाकीचे त्याला हसत होते. तो पिगी होता, आणि त्याचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं.